दोनशे अकरा जणांचा एक नंबर

साताऱ्यात, गार हवेच्या हॉलमध्ये, भिंतीएवढ्या पडद्यावर आमच्या नानासोंना दलाल ठरवलं गेलं. पडद्यावर त्यांचा लाल ठिपका केला होता. त्यांना मधनं काढून टाकायचं ठरलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. सगळे वाजवत होते, शिवाय चहाबरोबर कचोरी मिळाली होती. ही माझी लाज आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं.

माझं नाव जोतीराम. तरसदऱ्यात माझी पिठाची गिरण आहे, आणि गिरणीवर दळण येतं त्याच्या दुप्पट बातम्या येतात. तरसदरा म्हसवडपासून अकरा किलोमीटर. चारी बाजूंनी टेकड्या, मध्ये खोलगटात विखुरलेल्या वस्त्या. पाऊस आमच्याकडं वाट चुकला तरच येतो. मोबाइलची रेंज तर वाट चुकूनही यायची नाही. ती मिळायची एकाच जागी, वरच्या माळावर, नानासोंच्या घरामागच्या पसरट दगडावर. दगडावर उभं राहून म्हसवडकडं तोंड केलं की बोलणं स्पष्ट. खाली उतरलं की फोनचा उपयोग अंधारात उजेड पाडण्यापुरता.

नानासो म्हणजे मेंढके. वय पासष्टच्या पुढं, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, पायात टायरच्या वहाणा. तीस-बत्तीस मेंढरं आणि बायको मनुबाई, एवढा संसार. पोरगा पुण्याला कंपनीत. आमच्याकडं आता ज्याला त्याला डाळिंबाचं वेड लागलंय, पण नानासोंच्या दारात डाळिंबाचं एक झाड नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

या माणसाकडं एक विद्या आहे, हाळीची. मेंढकी माणसं एका टेकडीवरनं दुसऱ्या टेकडीवर निरोप देतात तीच. आधी शीळ घालायची, म्हणजे निरोप कुणाला ते कळतं. रंगुबाईच्या वस्तीला दोन आखूड, एक लांब. माझ्या गिरणीला तीन आखूड. शहरात रिंगटोन आली त्याच्या कितीतरी आधी आमच्याकडं घरटी एक होती. शिळेमागनं निरोप, शब्द सावकाश, शेवटचं अक्षर वाऱ्यावर सोडलेलं. ज्याला निरोप असेल त्यानं खालनं 'व्हय' म्हणायचं. तो 'व्हय' आल्याशिवाय नानासो दगडावरनं उतरायचे नाहीत. आणि निरोप आला तसाच द्यायचा, आपल्या पदरचं घालायचं नाही आणि त्यातलं गाळायचं नाही. हे त्यांचे दोन नेम.

पोरानं बारा वर्षांपूर्वी त्यांना बटणाचा फोन आणून दिला. तेव्हापासून कुणीही 'तुमचा नंबर?' विचारलं की सगळं गाव नानासोंचा नंबर सांगायला लागलं. बँकेत तोच, गॅसला तोच, पोरींच्या स्थळाच्या चिठ्ठीवरही तोच. शाळेतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी तो पाठ. कुणाचा जावई रुसला, कुणाची एसटी चुकली, जनावरांचा डॉक्टर आज येणार का उद्या, सगळं नानासोंच्या कानातनं शिरून तोंडातनं दरीत यायचं. एवढं करून गड्यानं कधी कुणाचा चहा घेतला नाही. चहाला उतरून खाली यावं लागतं, म्हणायचे. मनुबाईचं म्हणणं निराळं. ती म्हणायची, ह्या बाबाला घरात बोलायला त्वांड न्हाई, समदं बाहीर वाटून येतोय.

अशा गावात दोन वर्षांपूर्वी प्रियदर्शनी आली. कुंडलच्या ऊसवाल्यांची पोर, पुण्यात इंजिनियर झालेली. कुंडलकडच्या माणसाला पाटाचं पाणी आणि फोनची रेंज या दोन गोष्टी जन्मासोबत मिळतात, त्यामुळं त्या कुठं नसतात हे सांगूनही पटत नाही. तिच्या कंपनीनं शेतकऱ्यांसाठी 'बांधावर' नावाची मोबाइल सेवा काढली होती. व्यापाऱ्यानं आपल्या फोनवर शेतकऱ्याचं नाव दाबायचं, थेट त्याला फोन लागणार, भाव ठरणार, माल उचलला जाणार. कंपनीचं ब्रीदवाक्य होतं, 'मध्ये कुणी नाही'. ते टोप्यांवर छापलेलं, पिशव्यांवर छापलेलं, पाण्याच्या बाटल्यांवरही. आमच्याकडं बाटलीचं अप्रूप जास्त, वाक्य कुणी वाचलं नाही. तिचे साहेब शिवतेज सर एकदाच आले. गाडीतनं उतरले, माळाकडं बघून 'वॉव' म्हणाले, आणि बुटाला धूळ लागायच्या आत परत गाडीत बसले.

पोर मात्र कामाची होती, खोटं कशाला बोला. पहिल्या चार-पाच वस्त्या ती उन्हातान्हात पायी फिरली. प्रत्येकाला नंबर विचारला, प्रत्येकानं एका दमात तेच दहा आकडे सांगितले. तिला वाटलं, एका घरातली माणसं असतील. बाकीचे फॉर्म पंचायतीच्या ऑफिसात गठ्ठ्यानं भरले आणि पुण्याला गेले. तिथला कॉम्प्युटर दर फॉर्मला विचारायचा की हा नंबर आधीच आहे, तरी पुढं जायचं का? भरणाऱ्याला फॉर्मामागं पैसे होते. तो दर वेळी 'हो' दाबायचा.

मग एका सकाळी आठ वाजल्यापासून नानासोंच्या फोनवर ओटीपी पडायला लागले. एकेकाच्या नावानिशी, दोनशे अकरा. नानासो चौथी शिकलेले, आणि नेम तर तुम्हाला सांगितलाच. त्यामुळं त्या दिवशी आमच्या दरीत असं घुमलं: दोन आखूड, एक लांब शीळ, आणि मग, "रंगूऽऽ, तुजा आकडा चार सात शून्य दोऽऽन. ह्यो आकडा कुनालाबी सांगू नगो म्हंत्यातऽऽ." खालनं रंगुबाईचं 'व्हय' आलं. पंचायतीतला क्लार्क खिडकीशी कान लावून आकडे टिपत होता. दुपार कलेपर्यंत दोनशे अकरा गुपितं अख्ख्या दरीला तोंडपाठ झाली. मेंढरं उपाशी राहिली, नानासोंचा घसा बसला, आणि 'बांधावर' सुरू झालं.

डाळिंबं तयार झाली तसा सांगलीहून राजवर्धन शेठचा फोन आला. मोठा व्यापारी, गोड बोलणारा, आणि गोड बोलता बोलता माणसामाणसात भाव कमी-जास्त करणारा. त्यात त्याची चूक म्हणत नाही मी, व्यापारी तो व्यापारी. त्यानं पहिलं नाव दाबलं रंगुबाईचं. नवरा गेल्यावर टँकरच्या पाण्यावर तीनशे झाडं एकटीनं जगवलेली बाई. शेठ म्हणाला किलोला पंच्याहत्तर. नानासोंनी फोन छातीशी धरला आणि हाळीनं पंच्याहत्तर खाली सोडले. ऐकले रंगुबाईनं, पण तिच्याबरोबर सगळ्या दरीनंही ऐकले.

दुसरा फोन लीलाबाईच्या नावानं, तिला सत्तर. लीलाबाईनं खालनंच विचारलं, रंगूला पंच्याहत्तर मग मला सत्तर का, माज्या डाळिंबात काय खडं हायती? नानासोंनी शेठला खड्यांसकट विचारलं. तिसऱ्याला शेठनं ऐंशी दिले, तर मागच्या दोघी उठल्या. पाचव्या फोनला शेठला घाम फुटला. ज्याला लावावा त्याचा आवाज एकच, घोगरा, आणि ज्याला लावावा त्याला आधीच्या सगळ्यांचे भाव पाठ. नंतर तो सांगलीच्या बाजारात सांगायचा म्हणे, तरसदऱ्याची माणसं एका आईची लेकरं आहेत, आवाजसुद्धा एक. शेवटी कंटाळून त्यानं सगळ्यांना एकच भाव दिला, एकशे पाच. आमच्या डाळिंबानं एवढा भाव जन्मात बघितला नव्हता.

पुण्यात कंपनीच्या कमाईचे आलेख वर चढले. शिवतेज सर म्हणाले, ही आमच्या गणिताची कमाल आहे. आमच्या गावाला त्यांनी 'तरसदरा मॉडेल' म्हणायला सुरुवात केली आणि साताऱ्याला मोठा कार्यक्रम ठेवला. तीस माणसं बोलावली. फोटोत शोभतील म्हणून पटकेवाली म्हातारी माणसं आणा, असा निरोप होता. तो निरोपही नानासोंनीच हाळीनं दिला.

हॉलमध्ये नानासोंना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी प्रियदर्शनी. पडद्यावर गावाचा नकाशा आला. दोनशे अकरा हिरवे ठिपके, आणि सगळ्यांच्या रेघा जाऊन मिळालेल्या मधल्या एका लाल ठिपक्यात. कंपनीच्या कुणी हुशार माणसानं आदल्या रात्री हे शोधून काढलं होतं म्हणे, आणि प्रियदर्शनीला ते तिथंच कळत होतं. सर इंग्रजीत आवाज चढवून बोलत होते. नानासोंनी वाकून तिला विचारलं, काय म्हणत्यात? ती घुटमळली.

"आजोबा, ते म्हणताहेत की शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये एक दलाल घुसलेला सापडलाय."

"मग धरा की त्येला," नानासो म्हणाले. "गरिबाचं खातोय."

सरांनी पुरावा म्हणून दलालाचा नंबर वाचायला घेतला. पाच आकडे वाचून ते श्वास घ्यायला थांबले, तर आम्ही तीस जणांनी सवयीनं उरलेले पाच एका सुरात म्हणून टाकले. हॉल खदाखदा हसला. हसू ओसरल्यावर आमच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. नानासो मांडीवरची कचोरीची बशी धरून तसेच बसले होते. सरांनी हा नंबर आजपासून 'बांधावर'वरनं बंद केल्याचं जाहीर केलं आणि टाळ्या पडल्या. प्रियदर्शनी काहीतरी बोलायला उठली, पण माइक तिच्यापर्यंत आलाच नाही. आम्ही तीस जण होतो. आमच्यापैकी एकानं जरी उठून म्हटलं असतं की साहेब, हा माणूस रुपया घेत नाही, याच्या दारात डाळिंबाचं एक झाडसुद्धा नाही, तरी झालं असतं. कुणी उठलं नाही. इंग्रजी ऐकलं की आमची जीभ टाळूला चिकटते, एरवी गिरणीवर तीच कात्रीसारखी चालते.

परतीच्या गाडीत दहिवडी आली तेव्हा नानासो माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "जोतीराम, दलाल म्हंजे पैसं घेतो त्योच न्हवं?"

मी म्हटलं, व्हय.

"मग म्या कुनाचं किती घेतलं?"

मी खिडकीतनं बाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

त्यानंतर कंपनीनं शाळेच्या छपरावर एक पेटी बसवली आणि दरीत रेंज आली. घरोघरी नवे फोन आले. नानासोंचा फोन मनुबाईच्या बाजरीच्या डब्यात गेला, आणि हाळी बंद पडली. मनुबाई सांगायची, जेवतानासुद्धा भाकरी हातानं मागतोय, त्वांड उघडत न्हाई. मेंढरं हाकायची ती दगड मारून. दरी पहिल्यांदाच मुकी झाली होती. आम्हाला त्याचं काही वाटलं असेल म्हणाल तर खरं सांगतो, काही वाटलं नाही. आम्ही नव्या फोनांत रमलो होतो.

पुढच्या हंगामात राजवर्धन शेठनं पुन्हा नावं दाबायला सुरुवात केली. या वेळी प्रत्येकाचा आवाज निराळा लागला आणि शेठचा जीव भांड्यात पडला. गिरणीमागं माझी चाळीस झाडं आहेत. मला फोन आला, जोतीराम, यंदा बाजार पडलाय, पण तू आपला माणूस. चोपन्न देतो. गावात एवढा भाव कुणाला दिलेला नाही, तेव्हा कुणाजवळ बोलू नकोस. मी हरखलो. मी 'आपला माणूस' झालो होतो. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्या आठवड्यात गिरणीवर जो तो येई तो गालातल्या गालात हसत दळण ठेवी आणि भावाचा विषय निघाला की पिठाकडं बघत बसे. मला वाटायचं, बिचाऱ्यांना माझा भाव कळला तर किती वाईट वाटेल.

राहिली होती एकटी रंगुबाई. माल उचलायच्या दिवशी सकाळीच तिला फोन आला. बासष्ट, कुणाला बोलू नका. बाईनं फोन ठेवला आणि थेट माळ चढायला लागली. पुढचं मनुबाईनं मला सांगितलेलं. नानासो दगडाशेजारी मेंढराची लोकर कातरत बसले होते. रंगुबाई म्हणाली, नाना, भाव जगात कुनी लपवत न्हाई, लपवत्यात ती चोरी. हाळी द्या.

"माज्या त्वांडानं भाव सांगायचा न्हाई," नानासो म्हणाले. "म्या दलाल हाय. साताऱ्यात पडद्यावर आलंय."

"मग सरका तिकडं," ती म्हणाली, आणि पदर खोचून स्वतःच दगडावर चढली.

तिनं ओरडून बघितलं. आवाज पहिल्याच दमात फाटला. पुन्हा ओरडली, तो कुसळात विरला. तिसऱ्यांदा खोकलाच लागला. नानासोंनी साताऱ्याचा अपमान सोसला होता, पण दगडावरनं वाईट हाळी जाते हे त्यांना सोसेना. कातर खाली ठेवून ते उठले. गळ्यातनं न्हाई, पोटातनं, असं पुटपुटत त्यांनी तिला बाजूला केलं. मग एकामागनं एक सगळ्या वस्त्यांच्या शिळा घातल्या.

माझ्या तीन आखूड आल्या तेव्हा मी गिरण चालवत होतो. कित्येक महिन्यांनी ऐकल्या. हात आपोआप खटक्याकडं गेला, गिरण थांबली.

"रंगूला बासष्ट म्हंत्यातऽऽ," वरनं आलं. "ज्येला जे सांगितलंय, त्येनं त्ये सांगाऽऽ." निरोपात आपल्या पदरचं वाक्य घालायची नानासोंची ही पहिली वेळ.

मग लीलाबाईच्या वस्तीवरनं आलं, अठ्ठावन्न. ओढ्याकडनं साठ. वडाच्या वस्तीवरनं छप्पन्न. प्रत्येक आकड्याबरोबर एकेक 'आपला माणूस' उघडा पडत होता. शेवटी मी गिरणीच्या दारात आलो आणि सगळी अब्रू गुंडाळून ओरडलो, चोपन्न. सगळ्यात कमी माझा. गावाला शहाणपण शिकवणारा गिरणीवाला.

तोवर शेठची गाडी आणि मागनं रिकाम्या क्रेटांचा ट्रक पंचायतीपुढं येऊन थांबला होता. 'शेतकरी आणि व्यापारी, थेट भेट' असे फोटो काढायचे म्हणून प्रियदर्शनीही गाडीत होती. शेठनं एकेकाला फोन लावला. दोनशे अकरा फोन वाजले आणि दोनशे अकरा जणांनी एकच उत्तर दिलं, नानासोंना विचारा. नानासोंचा नंबर तर कंपनीनंच बंद केलेला. मग शेठ पोट सावरत माळ चढला, मागं प्रियदर्शनी, आणि तिच्यामागं गिरण उघडी टाकून मी.

वर पोचल्यावर शेठला आधी पाणी दिलं. दम खाऊन तो भावाचं काढणार, तोच नानासोंनी दगडाकडं बोट केलं.

"शेठ, हितं ऱ्हावा उभं. मानसं खाली हायती, तुमी वर. मधी कुनी न्हाई. द्या हाळी."

आणि शेठकडं पाठ करून ते पुन्हा लोकर कातरायला बसले. शेठ ओरडला, ऐंशी. खालनं काही नाही. पंच्याऐंशी. काही नाही. ऐकू येत नव्हतं का येऊनही येत नव्हतं, ते खालच्यांनाच ठाऊक. शेठ लालबुंद झाला, नव्वदला त्याचा आवाज चिरकला, आणि मनुबाईनं पुन्हा पाण्याचा तांब्या पुढं केला. अखेर त्यानं शंभर म्हटलं, आणि सगळ्या दरीतनं एकदम 'व्हय' आलं.

शेठ दगडावरनं उतरला, घाम पुसला आणि खिशात हात घालत नानासोंना म्हणाला, मानलं बुवा तुम्हाला. तुमचं कमिशन किती ते सांगून टाका.

नानासोंचा हात थांबला. मला वाटलं आता हा माणूस कातर फेकून मारतो. पण ते नुसते शेठकडं बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले.

"साताऱ्यात एक पडदा हाय," ते म्हणाले. "त्येच्यावर माज्या नावाचा लाल ठिपका हाय. तेवढा पुसून द्या."

शेठला काही कळलं नाही. प्रियदर्शनीला कळलं. तिनं कॅमेरा पिशवीत टाकला आणि शिवतेज सरांना फोन लावला. शाळेच्या छपरावरची ती पेटी माळावर पोचत नाही, त्यामुळं तिला चढावं लागलं ते नानासोंच्याच दगडावर. वर वारा होता, पलीकडं सरांना नीट ऐकू जात नव्हतं. आधी ती हळू बोलली, मग जरा मोठ्यानं, मग पोटातनं.

"सर, ते दलाल नाहीत. दलाल नाहीत म्हणते मी. त्यांनी कुणाचा रुपया घेतलेला नाही."

खाली लोकांना वाटलं, हाळी आली. निरोप कुणाच्या नावानं आहे ते कळेना, शीळ घातलेली नव्हती. तरी आधी रंगुबाईच्या वस्तीवरनं आलं, मग लीलाबाईकडनं, मग ओढ्याकडनं, मग सगळीकडनं, "व्हयऽऽ." साताऱ्यात जे मला म्हणायला जमलं नव्हतं ते मीही तिथंच दगडाशेजारी उभं राहून म्हणालो. नानासोंनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले आणि मेंढराची राहिलेली बाजू कातरायला घेतली.